लॅकरखालचा हात

(मोठ्या दारांची हातभर लांब स्टीलची हँडलं बनवणाऱ्या कारखान्यातली लॅकर मारायची खोली. भर दुपार. दाराला आतून कडी.)

बायको : हात लावू नका म्हटलं ना! लांबून बघा.

नवरा : बघायचं काय त्यात? गंज आलाय, माल परत आलाय. घासायचा, पुन्हा लॅकर मारायचं, पाठवून द्यायचा. एवढ्यासाठी मला ऑफिसातून उठवून आणलंस? आणि कडी कशाला लावलीस?

बायको : गिऱ्हाईक बाई काय म्हणाली सांगू? म्हणाली, हँडलवर कुणाचा तरी हात उमटलाय आणि तो दिवसेंदिवस गडद होत चाललाय. बिचाऱ्या पोरांना बडवलं तिनं त्यापायी. साबणानं घासलं, पावडरनं घासलं. हात लॅकरच्या खाली आहे हो. वरून घासून जाईल कसा?

नवरा : म्हणजे चूक तुझी. फवारायच्या आधी थिनरनं पुसायचं असतं, हे आता मी सांगू तुला?

बायको : पुसलं होतं. भावानं पॉलिश करून दिलेली अख्खी रांग मी पुसली, हातमोजे घालून तारेला टांगली आणि जेवायला घरात गेले. आले ती थेट फवाऱ्यालाच उभी राहिले. या हँडलला कुणाचा हात लागलाच असेल, तर तो त्या जेवणाच्या सुट्टीत.

नवरा : कधीची गोष्ट ही?

बायको : मामंजी गेले त्या दुपारची.

नवरा : मग झालं तर! तुझ्याच भावाचा असणार. तोच होता इथं. मागं पाण्याच्या टाकीपाशी बाबांना लोळवलं आणि इकडं येऊन काहीतरी चाचपत बसला असेल.

बायको : माझ्या भावाचा हात असता तर हँडल परत आलंच नसतं. त्याचे हात कोरडे ठणठणीत. उघड्या स्टीलवर हात ठेवून झोपला तरी डाग पडत नाही. म्हणून तर मामंजींनी त्याला पॉलिशच्या मोटरवर बसवलं. आणि हा गंज बघा. लालभडक, जाड, बोटांच्या रेषान् रेषा दिसताहेत. एवढ्या लवकर, एवढा रागानं आलेला गंज. असा खारट घामाचा हात या घरात एकाचाच आहे. ज्याच्या खिशात किल्ल्या टिकत नाहीत, ज्याच्या मनगटावर घड्याळ टिकत नाही...

नवरा : बोल ना. थांबलीस का? खाऱ्या म्हण. बाबा म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, तूही म्हणून घे.

बायको : मी कधी म्हटलं नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही.

नवरा : तोंडानं नाही, मनात म्हणत होतीस. बरं, माझा हात. लागला असेल येता-जाता. मालक आहे मी इथला. माझ्याच मालाला हात लावायला तुझी परवानगी काढू?

बायको : येता-जाता लागलेला हात असा नसतो. टांगलेलं हँडल माणूस मधोमध धरतो, दोन बोटांत. इथं बघा. दोन हात, एकाखाली एक, पार टोकाला, गच्च आवळलेले. कुऱ्हाड धरतात तसे. दाराचं हँडल असं कोण धरतं हो? आणि तुम्ही तर त्या दुपारी कारखान्यात नव्हताच. पोलिसांना काय सांगितलंत? थिनरचा डबा आणायला गेलो होतो.

नवरा : आण ते इकडं.

बायको : मागं व्हा.

नवरा : आण म्हणतो! सोड. सोड नाहीतर मनगट पिरगाळून मोडीन.

बायको : मोडा! सवयच आहे तुम्हाला मोडायची! आई गं!

नवरा : लागलं? आता आणखी लागेल. दात घशात घालीन सगळे. भाऊ आत गेला, बहीण वर जाईल. सांगेन, पाय घसरला, टेबलाच्या कोपऱ्यावर तोंड आपटलं. कोण विचारणार आहे तुला? आण इकडं ते... ए! अगं ए! डोळे! काय मारलंस? काय मारलंस डोळ्यांत?

बायको : थिनर. फवाऱ्यात भरून ठेवलं होतं, तुम्ही यायच्या आधीच. चोळू नका. चोळाल तितकं आत जाईल.

नवरा : दिसत नाही मला! आग होतेय, पाणी दे! पाणी दे सटवे!

बायको : बादली माझ्या पायाशी आहे. भरलेली आहे. आधी सांग.

नवरा : काय सांगू? काय सांगू तुला?

बायको : मामंजींना कसं मारलंस ते तुझ्या तोंडानं सांग.

नवरा : मला अरेतुरे करतेस?

बायको : हो, करते. खट् वाजलेलं ऐकलंस? लायटरचं टोपण उघडलं. पुढची खट् झाली की ज्योत. तुझा शर्ट छातीपर्यंत भिजलाय. खोलीत वास किती कोंडलाय ते तूच सांग, नाक तरी शाबूत आहे ना? पेटलं तर मीही पेटेन. मला चालेल. तुला चालतंय का बघ.

नवरा : वेड लागलं का तुला? डबे भरलेत इथं! अख्खा कारखाना उडेल!

बायको : उडू दे. माझा भाऊ सोमवारी कोर्टात उभा राहतोय. मीच मारलं म्हणून कबुली दिलीय त्यानं. जन्म तुरुंगात जाईल त्याचा. कारखान्याचं काय घेऊन बसलास? सांग!

नवरा : मारायचं नव्हतं! ऐकून तरी घे. थिनर आणायला खरंच निघालो होतो. रिकामा डबा विसरला म्हणून वाटेतून परत आलो. खोलीत कुणी नव्हतं. ती हँडलं टांगलेली. खिडकीतलं ऊन पडलं होतं त्यांच्यावर. जन्मात कधी उघड्या स्टीलला हात लावू दिला नाही मला म्हाताऱ्यानं. पोर होतो तेव्हापासून मोटरपाशी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो. हात दाखवला की फटका. एक हँडल काढलं. नुसतं धरून बघितलं. गार होतं. मागं बघतो तर म्हातारा दारात.

बायको : मग?

नवरा : ओरडला असता तर चाललं असतं गं. मारलं असतं तरी चाललं असतं, सवय होती. हसला. 'ठेव रे खाऱ्या,' म्हणाला, 'तुझा हात लागला की नासतं सगळं. कारखाना आरशाच्याच हातात देतो, निदान माल तरी चकचकीत राहील.' आरसा! तुझ्या भावाला लाडानं आरसा आणि पोटच्या पोराला खाऱ्या! एवढं बोलून टाकीकडं तोंड धुवायला निघाला. जसं काही झालंच नाही. मी मागून गेलो. हँडल हातातच होतं.

बायको : आणि मारलंस.

नवरा : पहिल्या फटक्याला पडला नाही तो. वळला. माझ्या हाताकडं बघितलं त्यानं. डोक्यातून रक्त गळतंय आणि म्हातारा बघतोय माझ्या हाताकडं! मग मारतच गेलो. थांबताच येईना. खाली पडला तरी मारत होतो. झालं? ऐकलंस? दे आता पाणी, डोळे गेले माझे!

बायको : थांब जरा. मग थिनरची चिंधी घेऊन रक्ताचं टोक पुसलंस. तेवढंच पुसलंस. धरलेलं टोक तसंच राहिलं. दोन्ही टोकं पुसायची असतात हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं ना! होतं तिथं टांगलंस आणि डबा घेऊन चालता झालास. आणि मी येऊन त्यावर छान लॅकर मारलं, हवा लागू नये, खराब होऊ नये म्हणून. संध्याकाळी येऊन तू कसा रडलास रे! छाती बडवून रडलास. आणि भावाच्या शर्टावर रक्त दिसलं तशी त्याचीच गचांडी धरलीस.

नवरा : रक्त होतंच की त्याच्या अंगावर!

बायको : उचललं होतं त्यानं मामंजींना! पाठीवर घालून घरात आणत होता! त्याची बोटं वाइसच्या लोखंडी जबड्यात कुणी घातली? दांडी कुणी फिरवली? करंगळी मोडली तरी तो नाही नाही म्हणत होता. शेवटी अंगठ्यावर आलास तेव्हा म्हणाला, हो, मीच, मीच मारलं. पॉलिश करणाऱ्याचा अंगठा रे तो! तू जाणूनबुजून मोडलास. बाप तर मारलासच, वर आरसाही फोडून घेतलास.

नवरा : हो, फोडला! आणि पुन्हा फोडीन! डोळे उघडू देत फक्त...

सासू : काय चाललंय गं आत? गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जातोय! दार उघडा!

नवरा : आई! आई, दार तोड! हिनं माझे डोळे फोडले!

बायको : तोडायला नको. उघडते. या सासूबाई, बरं झालं आलात.

सासू : अगं बाई! अरे माझ्या राजा! कैदाशिणी, काय केलंस हे? भाऊ तसा, बहीण तशी! माझ्या नशिबाला कुठून आलात दोघं? ही घे! आणखी घे!

बायको : मारा. दमेपर्यंत मारा. पण मारून झाल्यावर एवढं बघा.

सासू : काय बघू? आधी इकडं ये रे. वाक. डोळे उघडे ठेव, मिटू नकोस. ओततेय. मिटू नकोस म्हटलं ना! लहान होतास तेव्हाही डोक्यावर पाणी घेताना असाच किंचाळायचास.

नवरा : आई, तिचं ऐकू नकोस. ती काय काय बरळतेय. तिच्या हातातलं हँडल काढून घे आधी.

बायको : घ्या सासूबाई, तुमच्याच हातात देते. त्याला देऊ नका एवढंच.

सासू : नवऱ्याला अरेतुरे? एवढी मजल? काय आहे या दांड्यात? गंज आहे. बोटं... अगं, ही...

बायको : कुणाची बोटं ते मी सांगायला हवं का?

सासू : नको. माझी कात्री, माझी विळी, माझ्या शिवणाच्या मशीनचं चाक, सगळीकडं ही बोटं पुसत मी म्हातारी झाले. याला मी लांबून ओळखते. पण असा दांडा कुणी धरत नाही. असं तर... कधीचा आहे हा?

बायको : मामंजी गेले त्या दुपारी फवारलेला. पोलीस अजून हत्यार शोधताहेत. तेच हे.

सासू : खोटं.

बायको : त्यालाच विचारा.

सासू : काय रे? ती काय म्हणतेय? इकडं बघ. दिसत नसलं तरी तोंड इकडं कर. तू?

नवरा : तो हसला गं, आई.

सासू : तो हसायचाच! आयुष्यभर सगळ्यांना हसला! मला हसला, माझ्या बापाला हसला! म्हणून काय मारून टाकायचं माणसाला? अरे मेल्या, मी कुंकू पुसून बसले ते तुझ्यामुळं? माझ्याच पोटातून आलास आणि मलाच... थांब, धरू नको मला. हात लावू नको!

नवरा : आई, मी पाया पडतो. मला आत टाकतील. मी नाही राहू शकत गं आत. तुला कोण आहे आता माझ्याशिवाय?

बायको : सासूबाई, फोन लावू का चौकीत?

सासू : गप्प बस तू! तुझं तुझंच चाललंय सगळं! मला जरा विचार करू दे.

नवरा : विचार कसला? कोपऱ्यात पॉलिशची मोटर आहे, घासायचं चाक आहे. दोन मिनिटांचं काम. लॅकरसकट उडून जाईल. मग ही बोंबलत बसू दे.

सासू : ...मोटर लाव.

बायको : सासूबाई!

सासू : नवरा गेला माझा. मुलगाही मीच उचलून देऊ? तुझा भाऊ तुझा, माझा मुलगा माझा. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मोटर लाव रे. बटण सापडत नसेल तर भिंतीला धरून जा. उजवीकडं. चाक मला चालवता येतं, सून होऊन आले तेव्हा वर्षभर मीच चालवत होते.

नवरा : लावली. तू घास, हिला मी बघतो. ये इकडं. आता कुठं जाशील? हलू नकोस! दिसायला लागलंय मला थोडं थोडं.

बायको : गळा सोड! सासूबाई, त्या दांड्यावर माझ्या भावाचा जन्म आहे! तुमच्या पाया पडते, नका घासू! माझा श्वास... सोड!

नवरा : आणखी दाबू? बोल. बोल ना आता. आई, झालं का? आई? चाकाचा आवाज बदलला नाही अजून. टेकव ना!

सासू : मोटर बंद कर.

नवरा : काय?

सासू : बंद कर म्हणते! बहिरा झालास का? हे काय चिकटलंय इथं, दांड्याच्या बुडाशी, सांध्यात?

बायको : धागा... धागा आहे. फवारताना दिसला होता. चिंधीचा असेल म्हटलं. लॅकर ओलं होतं, काढायला गेले तर ओरखडा पडला असता. राहू दिला.

सासू : धागा नाही हा. खिडकी उघड.

नवरा : आई, काय करत बसलीस? घास आणि टाक!

सासू : केस आहे. टोकाला काळा आणि मुळाशी पांढरा.

नवरा : असेल कुणाचाही.

सासू : कुणाचाही कसा असेल? त्यांना कलप मीच लावायचे ना! मुळं पांढरी दिसायला लागली म्हणून मागं लागले होते. लावून दे, लावून दे. मी म्हटलं, म्हातारपणी कुणाला दाखवायचंय एवढं? खूप हसले. म्हणाले, तुलाच दाखवायचंय. मग रविवारी लावू म्हटलं. रविवार यायच्या आधीच... नखानं निघतो का बघतेय. निघत नाही. जसा होता तसा राहिलाय बघ आत. जराही खराब झाला नाही.

नवरा : आण इकडं, मी घासतो. तुझ्याच्यानं व्हायचं नाही.

सासू : तिला सोड.

नवरा : आई, आण म्हणतो ते!

सासू : एक पाऊल पुढं टाकलंस तर याच दांड्यानं डोकं फोडीन. तुझ्या बापाचं फुटलं तिथंच. मी थांबणार नाही. आणि मला शिकवूही नकोस कुठं मारायचं ते. सोड तिला आणि बस खाली.

नवरा : आई...

सासू : बस म्हटलं ना! तिथं, भिंतीला टेकून. हात मांडीवर ठेव, मला दिसतील असे. उठलास तर बघ.

नवरा : मी तुझा एकुलता एक आहे गं. तुझा मुलगा आहे मी.

सासू : आहेस. मरेपर्यंत राहशील. डबा घेऊन येईन तुला तिकडं, दर आठवड्याला येईन. आत्ता मात्र बस. तू गं, उठता येतंय का? ये, धर माझा हात. मानेवर बोटं उठलीत. ओठ पूस. आणि त्या चौकीतल्या साहेबाला फोन लाव.

बायको : काय सांगू?

सासू : म्हणावं, हत्यार सापडलं, आणि मारणाराही इथंच बसलाय. म्हणावं, त्याच्या आईनं बोलावलंय.

बायको : हॅलो... हो, हँडलच्या कारखान्यातून बोलतेय. साहेबांना द्या. साहेब, लगेच या. हो, हत्यार. नाही, माझा भाऊ नाही. सासूबाईंनीच फोन करायला सांगितलंय. हो, इथंच आहे, पण लवकर या. ...निघतो म्हणाले.

सासू : दांडा कशात तरी गुंडाळून ठेव. नको, राहू दे. माझ्याकडंच असू दे तोवर.

बायको : बसा तुम्ही. हे घ्या स्टूल.

सासू : त्या संध्याकाळी हा वाइस फिरवत होता ना, तेव्हा मी काहीतरी ओरडले होते.

बायको : आणखी पिळ म्हणालात.

सासू : त्यानं ऐकलं असेल का, तुझ्या भावानं?

बायको : तुमच्याकडंच बघत होता तो.

सासू : त्या हातानं जेवता येतं का गं त्याला?

बायको : नाही. डाव्यानं जेवतो. सांडतं थोडं.